शकुबाईला सांगायचं आहे

१ जानेवारी १९५७, मंगळवार

टॉनिकच्या कंपनीचा माणूस ही डायरी देऊन गेला. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या लाल टॉनिकची जाहिरात आहे. कागद बरा आहे. रोज लिहिणार.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. गार पाण्याने आंघोळ. सिगारेटी दिवसाला दोन, फेब्रुवारीपासून बंद. सौ.ला आठवड्याला एक पत्र. रुग्णाशी खोटं न बोलणे. हा शेवटचा लिहायची खरं तर गरज नव्हती, मी मुळातच स्पष्टवक्ता. पण चार संकल्प कमी दिसत होते.

सौ. आणि मुलं नागपूरला असतात. मुलांच्या शाळेसाठी. इथल्या विंचवांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

२ जानेवारी

सात पन्नासला उठलो. थंडी फार. गार पाण्याचा संकल्प मार्चपासून.

९ जानेवारी, बुधवार

शकुबाई आज पेशंट म्हणून आली. ही गावची सुईण. पंचावन्नच्या आसपास वय, उंच, काटक. जवळपासच्या दहा-बारा गावांतली अर्धी माणसं हिच्याच हातात जन्मली आहेत. दवाखान्यात नर्सची जागा चार वर्षांपासून रिकामी, त्यामुळे बाईमाणूस तपासायचं असलं की मी हिला निरोप धाडतो. ती उशाशी उभी राहून पेशंटचा हात धरते, मी तपासतो. अडलेल्या बाळंतपणात सगळं तीच करते आणि मी देखरेख ठेवतो. मी तिला बरंच तयार केलं आहे.

आज ती स्वतः टेबलावर, आणि हात धरायला तिची सून मंगली. पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता चार महिन्यांपासून पुन्हा रक्त जातंय म्हणाली. वास येतो. कंबर दुखते.

तपासलं. बोट लागताच कळलं. गर्भाशयाच्या तोंडाशी मोठी खरबरीत गाठ, लगेच रक्त, आणि एका बाजूला सगळं घट्ट धरलेलं. कॅन्सर. पुढे गेलेला.

हात धुतले. पुन्हा एकदा धुतले. ती उठून बसली, लुगडं सारखं केलं आणि म्हणाली, "का हाय डाक्टर साहेब?"

मी म्हणालो, "काही नाही. थोडी सूज आहे."

तिने माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाली.

लाल टॉनिकची बाटली दिली.

१० जानेवारी

काल बोललो ते खोटं नव्हे. कॅन्सरमध्ये सूज असतेच. शिवाय मंगली समोर होती. पहिलटकरीण, सहावा महिना. तिच्या देखत बोलणं शास्त्राला धरून झालं नसतं. एकांतात सांगणार. या आठवड्यातच.

१३ जानेवारी, रविवार

सांगण्याची तयारी पूर्ण. पाच मुद्दे काढले: आजाराची पार्श्वभूमी, निदान, उपचारांच्या मर्यादा, मनाची तयारी, समारोप. आरशासमोर उभा राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. सव्वीस मिनिटं लागली. आवाजात कणव आणि ठामपणा दोन्ही उतरले होते.

मागे वळलो तर दारात लटारूजी, हातात मिक्श्चरच्या बाटल्या. हा आमचा कंपाउंडर, या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेला. आत कोणी पेशंट आहे असं वाटून तो बाहेरच थांबला होता. मी त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "शकुबाईले सांगाचं हाय, त इतलं लंबं कायले साहेब?"

खेड्यातल्या माणसाला मानसशास्त्र कळत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. शकुबाई स्वतः तिळगूळ घेऊन आली. सणाच्या दिवशी असलं बोलू नये.

१९ जानेवारी, शनिवार

मार्ग सापडला. शकुबाईला नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. तिथे रेडियम आहे, डीप एक्स-रे आहे, तज्ज्ञ आहेत. तज्ज्ञांनी सांगितलेलं पेशंट जास्त मानतो, तेव्हा सांगण्याचा अधिकारही त्यांचाच. इंग्रजीत लांब पत्र लिहिलं.

मी स्वतः बरोबर येईन असा शब्द दिला. म्हणाली, "तुमी असान त मले भेव नाई." डॉक्टर आणि पेशंट यांचं नातं असं असावं.

२३ जानेवारी, बुधवार

गेलो नाही. या आठवड्यात जिल्ह्याहून, म्हणजे चांद्याहून, इन्स्पेक्शन येऊ शकतं. तसं कळवलेलं नाही, पण इन्स्पेक्शन कळवून येत नाही हा अनुभव आहे. शकुबाईबरोबर तिचा मुलगा दसरू गेला. तो जंगलच्या कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, लाकडं तोडायला असतो, त्याने रजा घेतली. सिंदेवाही स्टेशन इथून सात मैल. बैलगाडी जाताना दवाखान्यासमोर थोडा वेळ थांबली होती, असं लटारूजी म्हणाला. मी तेव्हा आत स्टॉक मोजत होतो.

इन्स्पेक्शन आलं नाही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

शकुबाई परत आली. मला उद्देशून चार ओळींचं पत्र: गाठ ओटीपोटाच्या हाडाला धरलेली, रेडियमचा उपयोग नाही, तीन-चार महिने, कृपया बाईंचा त्रास कमी होईल असं पाहावं. तिला तिथे कोणी काही सांगितलं नाही. "तुमचे डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणाले. जबाबदारी अशी दुसऱ्यावर ढकलणं मला मुळीच पटत नाही.

तिने विचारलं, "का लिवलं हाय?"

मी म्हणालो, "औषध चालू ठेवा म्हणतात."

"आनखी?"

"आराम करा."

ती पत्राकडे पाहून म्हणाली, "अक्षरं त लय हायेत."

सिगारेट बंद करायचा आज दिवस होता. पाच झाल्या.

५ फेब्रुवारी, मंगळवार

शकुबाई एकटी आली. बाकावर बसून राहिली. सगळे पेशंट गेल्यावर आत आली, स्टुलावर टेकली आणि बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, पुढे कधी लेख लिहिला तर उपयोगी पडतील:

"मंगलीले चैतात होनार हाय. पहिलंच. तिचं मायेर तिकडं कुरखेड्याकडं. धाडाचं असन त होळीच्या आंधी धाडा लागन, मंग गाडीचे धक्के नाई चालत. नाई त नवरगावच्या सुईनीले, आशाबाईले सांगून ठेवतो, थे चैत लागल्याबरोबर येऊन राहीन. आन् मी धड राह्यली त कोनाचीच गरज नाई. चैतापर्यंत मी उभी राहीन का नाई, इतलंच सांगा. मले दिवस सांगा."

आजाराचं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणजे तिला काही कल्पना नाही. अशा भोळ्या माणसापुढे पाच मुद्दे काढणं क्रूरपणा झाला असता. मी म्हणालो, "उभ्या राहाल का म्हणजे काय, शकुबाई? नातवाला तुम्हीच हातात घ्याल."

"नक्की?"

"नक्की."

"तुमी म्हनता त ठेवतो पोरीले घरी."

उंबऱ्याशी चौकट धरून थांबली, मग गेली. चेहरा हलका झाला होता. आशेसारखं टॉनिक नाही.

१२ फेब्रुवारी

नागपूरहून पत्र. तेरा एप्रिलला डॉक्टरांचा मेळावा भरतोय, ग्रामीण भागातल्यांनी निबंध वाचावेत. विषय लगेच सुचला: असाध्य आजारात रुग्णाला सत्य सांगण्याची पद्धत. या विषयावर माझ्याइतका ताजा अनुभव दुसऱ्या कोणाला नसेल.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

शकुबाई हल्ली येत नाही. चालवत नाही म्हणे. लटारूजी घरी टॉनिक पोचवतो. मीही जाणार आहे, पण रोज गेलं की पेशंट डॉक्टरवर विसंबून राहतो, ते बरं नाही.

संध्याकाळी फिरायला आता तलावाच्या बाजूने जातो. तिच्या घरावरून जाणाऱ्या रस्त्याला धूळ फार.

निबंधाची नऊ पानं झाली.

४ मार्च, सोमवार

लटारूजी सकाळीच म्हणाला, "बाई झोपून नाई राह्यली साहेब. बसूनच राह्यते. सुई द्या."

कपाटात मॉर्फियाच्या वीस अँप्युल आहेत, चांद्याहून परवानगीने आलेल्या. मी त्याला समजावलं की मॉर्फिया हे गंमत म्हणून देण्याचं औषध नव्हे, त्याची सवय लागते.

"सवय लागाले किती दिवस लागते?"

मी म्हणालो, काही महिने तरी.

तो बाटल्या धुवायला गेला. मुद्दा त्याला पटला असावा.

१४ मार्च, गुरुवार

उद्या होळी. मंगलीचा बाप गाडी घेऊन तिला न्यायला आला होता. शकुबाईनेच परत पाठवला. 'डाक्टर साहेबानं नक्की सांगतलं हाय' म्हणाली. हे लटारूजीकडून कळलं. सांगताना तो बाटलीला बूच लावत होता, माझ्याकडे पाहिलं नाही.

पेशंटचा असा विश्वास किती डॉक्टरांच्या वाट्याला येतो? दुपारभरात सिगारेटचं पाकीट संपलं. पाकिटं हल्ली लहान येतात.

अजून वेळ आहे. उद्या परवा जाऊन सगळं स्पष्ट सांगायचं, की मंगलीला माहेरी पाठवा. पण होळीनंतर गाडीचे धक्के चालणार नाहीत हेही खरं. म्हणजे सांगून आता उपयोग नाही.

२९ मार्च, शुक्रवार

आज गेलो. पाचही मुद्दे घेऊन गेलो.

घर शेणाने सारवलेलं, दाराशी निंबाच्या पाल्याचा धूर, तरी वास लपत नाही. शकुबाई खाटेवर उजव्या कुशीला. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, बाकी अंगावर काही उरलेलं नाही. मला पाहून तिने पदर घेतला आणि मंगलीला चहा ठेवायला लावला. मंगलीला वाकता येत नव्हतं. तरी ठेवला.

मी अर्धा तास बोललो. यंदा मोहाची फुलं चांगली पडताहेत, आंब्याला मोहोर कमी आहे, असं. ती ऐकत होती. मधेच डोळे मिटून दात दाबायची आणि पुन्हा उघडायची. मी थांबलो की म्हणायची, "मंग?"

निघायच्या वेळी म्हणाली, "आशाबाईले निरोप धाडू का साहेब?"

हाच तो क्षण होता. मी म्हणालो, "कशाला? पंधरा दिवसांत तुम्ही हिंडाफिराल."

मग मी बॅग उघडून पाव ग्रेन मॉर्फिया दिलं. का दिलं सांगता येत नाही, बोलणं थांबलं होतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. वीस मिनिटांत तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. झोप लागली. मंगली कितीतरी वेळ सासूच्या तोंडाकडे पाहत बसली. म्हणाली, "किती रोजानं झोपली बुडी." आणि रडायला लागली.

यापुढे खरंच गरज असेल तेव्हा द्यायला हरकत नाही.

घरी येऊन निबंधात एक परिच्छेद वाढवला. 'श. या रुग्णेला मी निदान स्पष्ट शब्दांत सांगितले. तिने ते शांतपणे स्वीकारले.' तेरा तारखेपर्यंत सांगून होईलच, तेव्हा वाचताना हे खरं असेल.

१० एप्रिल, बुधवार

उद्या नागपूर. निबंध स्वच्छ लिहून झाला, चौदा पानं. शकुबाईकडे जाणार होतो, पण कपडे, ट्रंक, टाय. टाय सापडेना. दोन अँप्युल लटारूजीकडे दिल्या, एक दिवसाआड एक. मंगलीचे दिवस भरत आलेत, पण पहिल्या खेपेला बाळंतपण लांबतं. रविवारी संध्याकाळी परत येतोच आहे.

सांगायचं आल्यावर.

१३ एप्रिल, शनिवार, नागपूर

निबंध वाचला. अकरा डॉक्टर आणि एक पंखा. पंखा माझ्या डोक्यावरच असल्याने पानं सारखी उडत होती. तरी परिणाम झाला. श.चा परिच्छेद वाचताना हॉल शांत होता.

शेवटी एक वयस्क डॉक्टर उठले. विचारलं, "तुम्ही सांगितल्यावर त्या बाईंनी पहिलं काय विचारलं?"

मी म्हणालो, "किती दिवस, असं विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

मी पाणी प्यायलो. म्हणालो, नक्की दिवस सांगता येत नाहीत. ते "हं" म्हणाले आणि बसले.

निबंध छापणार आहेत. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, छान.

१४ एप्रिल, रविवार, नागपूर

आज निघायचं होतं. सौ. थांबा म्हणाली. म्हणजे तसं म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. शिवाय शर्ट धोब्याकडे. आणि गेल्यावर सांगायचं आहे, त्यासाठी मन ताजं हवं. मंगळवारी जाईन.

१६ एप्रिल, मंगळवार

स्टेशनवर लटारूजी गाडी घेऊन आला होता. नेहमी तो येत नाही. दोन मैल गेल्यावर त्याने एकदम सगळं सांगितलं.

मंगलीला सोमवारी पहाटे कळा सुरू झाल्या. दसरू सायकल मागून आणून नवरगावला गेला, तर आशाबाई लग्नासाठी ब्रह्मपुरीकडे गेलेली. तिला कोणी सांगूनच ठेवलं नव्हतं. इकडे पाणमोट फुटली आणि बाळाचा पाय बाहेर आला. पायाळू. शेजारच्या बाया घाबरून भिंतीला लागल्या. लटारूजीला बोलावलं, त्याने पाणी उकळलं आणि दाराबाहेर उभा राहिला. त्याच्या हातचं ते काम नव्हतं.

शकुबाई खाटेवरून उतरली. कोणी उतरवलं नाही, स्वतः उतरली. एका बाईला पाठीशी बसवून तिच्यावर टेकली, हात धुतले आणि सुनेच्या पुढ्यात बसली. तीन तास. मधे एकदाच म्हणाली, "मंगली, माह्याकडं पाह्य. माह्या तोंडाकडं पाहू नोको, माह्या डोयाकडं पाह्य." बाळ आलं तेव्हा निळं होतं. तिने तोंड पुसलं, पाठीवर चोळलं, रडवलं. मुलगा. मग नाळ कापून झाल्यावर तिथेच आडवी झाली. तिला उचललं तेव्हा खालची जमीन ओली होती, आणि ते रक्त मंगलीचं नव्हतं.

मी विचारलं, रविवारी मी आलो असतो तर? लटारूजी बैलांना हाकत म्हणाला, "तुमी इथी असते."



घरी न जाता थेट गेलो. नाडी एकशे चाळीस, ओठ पांढरे. जिवंत आहे. आत कापड दाबून भरलं, रक्त थांबलं तसं. मॉर्फिया दिलं. सवयीचा विचार केला नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस दर चार तासांनी मॉर्फिया. अँप्युल संपत आल्या म्हणून लटारूजी आज पहाटेच्या गाडीने चांद्याला गेला, संध्याकाळी नवीन घेऊन आला. मी खाटेशी बसतो. दुसरं काही करण्यासारखं नाही, पण उठून जावंसं वाटलं नाही.

दुपारी शकुबाई शुद्धीवर होत्या. बाळ आणि मंगली आतल्या खोलीत झोपलेली. मी म्हणालो, शकुबाई, तुम्हाला एक सांगायचं आहे. पहिला मुद्दा कुठला होता तोच आठवेना.

त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुमी हात दोन खेपा धुतले तवाच समजलं. असल्या तीन बाया म्या माह्या हातानं पोचोल्या हायेत."

मी म्हणालो, मग विचारलं का नाहीत?

"बिमारी कायले इचारू? मले दिवस पाह्यजे होते. थेच इचारले." बोलताना दम लागत होता. "सांगतलं असतं त पोरगी मायेरी गेली असती. नाई त आशाबाई येऊन बसली असती. म्या उठली नसती."

आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट त वाटलंच असतं. वाईट वाटून काम केलं असतं."

बाहेर कोणीतरी मोह वाळत घालत होतं, त्याचा आंबूस वास येत होता. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "आता तरी सांगा भाऊ."

त्यांनी मला आजवर कधी भाऊ म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "तीन दिवस. फार तर चार."

"बरं."

सव्वीस मिनिटं लागली नाहीत.

१९ एप्रिल

आज शकुबाईंनी दसरूला कूपावर निरोप पाठवायला लावला, की आठ दिवस कामावर येत नाही. आशाबाई आल्या, त्यांना उशाशी बसवून घेतलं आणि आसपासच्या गावांत कोणत्या बायका गरोदर आहेत, कोणाला कितवा, कोणाची मागची खेप अवघड गेली, ते एकेक करून सांगितलं. मधे दुखलं की माझ्याकडे हात करायच्या, मी सुई द्यायचो, उतार पडला की पुन्हा सांगायला लागायच्या. आशाबाई बोटांवर मोजत होत्या. अठरा बायका.

मंगलीला बाळाला कसं न्हाऊ घालायचं ते दाखवलं. म्हणजे सांगितलं, हात उचलत नव्हता.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी साडेनऊला शकुबाई गेल्या. शेवटचे काही तास दुखलं नाही. ते पाहण्याइतकं मी केलं.

लटारूजीने दवाखान्याचं दार लावून घेतलं. आज कोणी पेशंट आलेच नाहीत, सगळे तिकडे होते.

२ मे, गुरुवार

मेळाव्याच्या मासिकाच्या संपादकांचं पत्र. निबंध सर्वांना आवडला, जूनच्या अंकात घेत आहेत, श. या रुग्णेविषयी आणखी दोन ओळी द्याव्यात.

छापू नका असं कळवणार आहे. पत्र लिहायला घेतलं. 'आदरणीय महोदय' इतकं झालं. उद्या पुरं करीन.

४ मे

पुरं केलं. टाकायचं आहे.

५ मे

लटारूजीकडे दिलं, म्हणालो, विसरायच्या आत टाक. त्याने पत्ता वाचला आणि लगेच निघाला. टोपीही घातली नाही.

८ मे, बुधवार

मंगली बाळाला घेऊन आली. तेवीस दिवसांचं पोर. दोन दिवस झाले, नाकातून घरघर आवाज येतो आणि नीट पीत नाही म्हणाली. शेजारीण बरोबर होती, तिला बाहेर बसवून एकटीच आत आली.

मी नीट तपासलं. घाई केली नाही. छाती साफ, ताप नाही, घसा साफ, टाळू ठीक, वजन जन्मल्यापासून वाढलेलं. नाक चोंदलंय, दुसरं काही नाही. पोर तर धट्टंकट्टं आहे. कितीतरी दिवसांनी कोणाला तरी चांगली बातमी द्यायची होती. मीच आनंदात होतो. म्हणालो, "काही नाही मंगली. थोडी सर्दी आहे."

तिचा चेहरा उतरला. बाळाला तिने छातीशी घट्ट धरलं, आणि आवाज न करता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी म्हणालो, अगं, खरंच काही नाही.

ती म्हणाली, "किती दिवस हायेत, सांगा. घरच्या मानसाले कूपातून बलावून घेतो."

मी वजनाचा कागद दाखवला. थर्मामीटर दाखवला, तिला वाचता येत नाही. स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावून बाळाची छाती ऐकवली. जितकं समजावलं तितकी ती जास्त रडत गेली. म्हणाली, "बुडीलेबी तुमी असेच समजावत होते."

शेवटी मी लटारूजीला हाक मारली. तो हात पुसत आला, बाळाला उचलून उजेडात धरलं, नाकात पाहिलं, आणि म्हणाला, "शेंबूड भरला हाय. कोमट पान्याचे दोन थेंब टाक. काईच नाई होत याले."

मंगलीने पदराने डोळे पुसले. पाजू का, असं तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, नाक मोकळं करून पाज. बाहेरच्या बाकावर शेजारणीजवळ बसून तिने बाळाला घेतलं. दोन-चार वेळा शिंकून ते प्यायला लागलं.

मी पुढच्या पेशंटला बोलावलं. तो आत आला, आणि लटारूजी कुठे आहेत म्हणाला.